कस

ताहेरभाईंनी काचेवर हिरवी बनात अंथरली,
आम्ही अंथरतो तशीच,
आणि तिच्यावर ते ठेवलं. आडवं. नळी भिंतीकडे.
रिकामं आहे म्हणाले, तरी स्लाइड मागे ओढून
आतली पोकळी दाखवली, दोनदा,
गिऱ्हाइकाला काटा शून्यावर दाखवावा तशी.

मी चष्मा काढला.
एकतीस वर्षं धनजी स्ट्रीटला सोनं तपासते.
माणूस काय सांगतो ते ऐकून घ्यायचं
आणि बघायची कड.

सातशे ग्रॅम.
मनातल्या मनात भागाकार झाला: साठ तोळे.
साठ तोळे पोलक्याच्या आतल्या खिशात घालून
मी ह्याच बाजारातून चालले आहे, भाजीची पिशवी हलवत.
पण सोनं घटकाभरात अंगाइतकं ऊन होतं,
मग आठवतही नाही.
हे होईल का तसं?
ताहेरभाईंना प्रश्न वेगळाच ऐकू गेला.
घामानं गंज धरतो, म्हणाले, इथली हवा खारी,
आठवड्याला तेलाचं बोट फिरवा.

मुठीत तीनच बोटं मावतात.
करंगळी बाहेर राहते,
पाहुण्यांच्या घरी कप धरताना राहते तशी, उगाच सभ्य.
घोडा आत बुजवलेला, पदरात अडकणार नाही.
माशी कानसून गोल केलेली.
गोळ्या सात. आठवी नळीत ठेवता येते,
ती ठेवू नका, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

चाप जड.
जडच बरा, पर्समध्ये किल्ल्या असतात, कंगवा असतो.
ओढत नेला की मधे एक जागा लागते
जिथून अजून परत येता येतं.
ती मी चार वेळा शोधली.

बाहेर काढायला किती वेळ?
सराव केला तर दीड सेकंद.
आणि परत ठेवायला?
त्यांनी बनातीवरची सुरकुती सारखी केली.

गेल्या श्रावणात विठ्ठलवाडीच्या तोंडाशी
बिप्लबला बत्तीस टाके पडले. आमचा कारागीर, मेदिनीपूरचा.
एकशे चाळीस ग्रॅमची लगड गेली,
ती भरून निघाली.
फुंकणी तो अजून डाव्या हातात धरतो.
कमिशनर ऑफिसात साहेबांनी माझ्याकडे, मग अर्जाकडे पाहिलं:
बाई, तुम्हाला कशाला?
म्हटलं, लगड आता मीच नेते.

पट्टे सगळे पुरुषांच्या कमरेचे.
माझ्या कमरेला नाडी.
धारावीत नारनवरे म्हणून आहेत, ते मापानं शिवून देतात.
त्यांनी टेप लावला, पेन्सिल कानावर ठेवली,
विचारलं, नातवंड कुठल्या कडेवर घेता?
डाव्या.
मग उजवीकडे शिवतो.
त्यावर मी काही बोलले नाही, पण त्या रात्री
मृणालची पोर धावत आली तेव्हा
एक पाऊल मागे सरले. कमरेला अजून काहीच नव्हतं.

ताहेरभाईंनी बघायला एक गोळी दिली, दारू काढलेली.
पितळेची. चांगली घोटलेली.
सवय वाईट. कसोटी पर्समध्ये असतेच,
तेजाबाची बाटलीही.
जुना पेपर अंथरला आणि गोळी दगडावर ओढली.

रेघ पिवळी उठली.
कच्ची नजर बावीस कॅरेट म्हणाली असती,
उधारीवर घेऊनही गेली असती.
एक थेंब सोडला.
बारीक फेस, मग हिरवट पाणी,
मग दगड काळाच्या काळा.

ताहेरभाई बघत होते. हसले नाहीत.
त्यांच्या वडलांचं दुकान, त्यांनी बरंच पाहिलं असणार.
पावती करू का, म्हणाले.

मी दगड पुसला, बाटलीचं बूच घट्ट केलं.
थांबा, म्हटलं,
चाप पुन्हा एकदा बघू द्या.